शेजाऱ्यांची पातेली

एका गावात ओढ्यापलीकडे एक घोंगडी विणणारा राहत होता. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. श्रावणात बायकोला ताप भरला आणि तो उतरेना. परगावच्या वैद्याने नाडी पाहिली, औषध दिलं आणि जाताना नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "सांगता येत नाही."

मग ओढ्याअलीकडच्या आळीतल्या बायकांनी कंबर कसली. कुणी पेज आणली, कुणी मुगाचं कढण, कुणी मऊ भात. नवरा बायकोला घास भरवायचा आणि पातेलं घासून फळीवर पालथं घालायचा. नवरात्र सरता सरता ताप उतरला. अंगात त्राण नव्हतं, पण बाई वाचली.

आता त्या गावाची एक रीत होती. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर घातली तरी चालायचं. पण विणकराला ते पटेना. तो स्वतःशीच म्हणाला, "यांनी माझ्या बायकोला जगवलं, आन् मी साखरेच्या चिमटीवर बोळवण करू? दिवाळीला एकेक पातेलं लाडवांनी भरून देईन."

विचार चांगला होता. पण तोवर लोकांची भांडी अडवून ठेवल्याची त्याला लाज वाटू लागली. ओढ्यावर भेटलेल्या एकीला तो घाईघाईने म्हणाला, "आता कुणी काही आणू नका," आणि तिने पुढे काही विचारायच्या आत निघून आला. त्यानंतर त्याने आळीची वाटच सोडली. बाजाराला जायचं तरी बांधावरून, लांबचा फेरा घालून. माणूस भला असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो परसात चूल मांडून बसला. बायकोने धुराजवळ फिरकायचं नाही, असं वैद्याने बजावलं होतं. ती दारात बसून सांगत होती, "अवं, पाक पुढं जाईल, उतरवा की."

"मला कळतंय," तो म्हणाला.

पाक पुढे गेला. परातीत रव्याचा नुसता भुगा झाला, लाडू काही वळेना.

"ऱ्हाऊ दे. परत करतो आन् पाडव्याला देतो," नवरा म्हणाला.

बायको फळीकडे बघत होती. ती म्हणाली, "समद्यांची पातेली हितं. मग त्या बाया फराळ कशात करत्यात?"

हे नवऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आन् कुणी मागायला बी कसं आलं न्हाई?"

तेव्हा त्याने लांबून जाण्याची गोष्ट सांगितली. बायकोने कपाळावर हात मारला आणि भिंतीचा आधार घेत ती उठली. "दुधाचा हबका मारून मीच देते वळून. चार लोकांत तुमची शोभा नको." दोन पावलं टाकली तोच धूर छातीत गेला. खोकून खोकून ती तिथेच खाली बसली.

नवरा घाबरला. लाडू देखणे व्हावेत म्हणून ही पुन्हा अंथरुणाला खिळली तर? त्याने तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. "तू बस. झालंय तसंच देतो," तो म्हणाला. प्रत्येक पातेल्यात त्याने भुगा घातला, पाटी डोक्यावर घेतली आणि लाजत लाजत ओढा ओलांडला.

दिवेलागण झाली होती, पण आळीत एकाही दारात कंदील नव्हता, रांगोळी नव्हती. पहिलं घर सुताराच्या म्हातारीचं. तिने पातेलं हातात घेतलं, पण आत काय आहे ते पाहिलंही नाही.

"खरं सांग लेका," ती म्हणाली, "वैद्यानं आशा सोडली न्हवं?"

"कुणाची? आत्या, ती बरी हाय! दारात बसून मलाच लाडू शिकवत हुती."

म्हातारी उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडू लागली. मग पदराने डोळे पुसून त्याच्यावर ओरडली, "मेल्या, मग सांगायचं न्हाई व्हय? तोंड चुकवून हिंडतोस, आमच्या पोटात गोळा! असल्या घरात पातेलं तरी कोणत्या तोंडानं मागायचं? तिचं असं असताना दिवाळी तरी कशी करायची?"

तशीच ती उठली आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक तिने दिली, "अगं बायांनो, बरी हाय ती! बरी हाय! लावा कंदील!"

तात्पर्य: उपकाराला साजेशी भेट पुढेमागे देता येईल, पण ज्यांनी आपल्यासाठी जीव टांगणीला लावला, त्यांना बरी बातमी त्याच दिवशी कळवावी.