पागोट्यापुरती जागा

एका गावात एक आई राहायची, आणि तिला रात्ररात्र झोप येत नसे. चार बुकं शिकलेली होती, त्यामुळे काळज्याही तिला चारचौघींपेक्षा जास्त सुचत. त्या उन्हाळ्यात तिला एकाच काळजीने घेरलं होतं: आपली लेक गोदी नुसती अंडीच का काढते?

त्याचं असं झालं, गावच्या देवळाच्या भिंती रंगवायला एक म्हातारा चितारी आला होता. दुपारी तो मुलांना माणसाचं तोंड काढायला शिकवी. ज्याचा हात बसेल, त्याला देवळाच्या भिंतीवर एक चेहरा स्वतः काढायला मिळणार होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "आधी डोकं काढा, अंड्यासारखं. डोळे त्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर नाही. पटत नसेल तर हात लावून बघा."

मुलं हसली आणि टपोरे डोळे, झुबकेदार मिशा काढायला लागली. गोदी मात्र खरंच हात लावून बघायला निघाली. आजोबांची शेंडी, वाण्याचं टक्कल, पाण्याला निघालेल्या बायांचे अंबाडे, सगळं चाचपून ती घरी येई, कोळशाने फळीवर अंडं काढी, मध्यावर आडवी रेघ मारी आणि पुसून टाकी. न्हावी म्हणाला, ही पोर माझा धंदा बुडवणार. शेजारीण म्हणाली, "वहिनी, तुमची लेक गावभर उवा शोधत हिंडतेय. घरातल्या संपल्या वाटतं?"

आई हसली, पण ते तिला लागलं. इतरांच्या फळ्यांवर राजे होते, राण्या होत्या. हिच्या फळीवर ना नाक, ना डोळा. पोर मागे पडली तर? की आपलंच काही चुकतंय?

परीक्षेच्या दिवशी पाटील पागोटं मांडीवर घेऊन, उघड्या डोक्याने, चित्र काढून घ्यायला सगळ्यांसमोर बसले. मुलांचे कोळसे भराभर चालू लागले. गोदीने अंडं काढलं आणि पाटलांकडे बघत बसली. आईला राहवेना. ती वाकून हळूच म्हणाली, "गोदे, डोळे काढ गं. मोठे, आणि जरा वरती. सगळ्यांनी तसेच काढलेत."

गोदीने कोळसा खाली ठेवला. उठून तिने आईच्या टाळूपासून डोळ्यांपर्यंत एक वीत टाकली, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दुसरी. "मध्यावरच आहेत, आई. तुझेसुद्धा." आणि परत जागेवर जाऊन बसली.

पोर ऐकणारी होती. आईने आणखी एकदा सांगितलं असतं, तर तिने डोळे वर काढलेही असते. पण आईने पदराचं टोक तोंडात धरलं.

चित्रं झाली. एकेक चेहरा असा देखणा, की लोक वाहवा करू लागले. गोदीचे पाटील त्यांच्यापुढे साधेच दिसत होते. चितारी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवत गेला आणि म्हणाला, "छान. आता पाटलांना पागोटं घाला."

मुलांनी पागोटी काढली मात्र, हशा पिकला. डोळ्यांच्या वर कपाळच ठेवलेलं नव्हतं, तर पागोटं बसणार कुठे? कुणाच्या पाटलांच्या ते थेट डोळ्यांवर उतरलं, कुणाच्या डोक्यावर माठावरच्या झाकणीसारखं तरंगत राहिलं. गोदीच्या पाटलांना मात्र असं चपखल बसलं, की खरे पाटील नकळत मांडीवरचं पागोटं डोक्यावर चढवू लागले.

भिंतीवरचा चेहरा गोदीला मिळाला. तिने आई काढली. आई कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर उभी होती. तेच डोळे, तीच हनुवटी, आणि वर ऐसपैस कपाळ. एवढीशी पोर आणि एवढी जाण, तिचा ऊर भरून आला. डोळे पुसता पुसता तिला एक शंका आलीच.

"गोदे, माझं डोकं खरंच एवढं मोठं आहे का गं?"

"आहे की," गोदी म्हणाली. "नाहीतर तुझ्या एवढ्या काळज्या राहिल्या असत्या कुठे?"

तात्पर्य: नाकडोळ्यांची घाई सगळ्यांनाच असते, पण ज्याने आधी डोकं नीट घडवलं, त्याच्याच चित्रावर पागोटं बसतं. आणि पोर डोकं घडवत असेल, तेव्हा आईने पदराचं टोक तोंडात धरावं.