सड्यावर वाजणारा फोन

निशिगंधा उद्या हॉस्टेलला निघणार होती. डोंगरावरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, दिवसभर गुरं राखणाऱ्या आईसाठी तिला बटणांचा फोन हवा होता. तिथे त्यालाच रेंज यायची, चार्जिंगही आठवडाभर टिकायचं. पण घरातली खरेदी दाजीकाकांच्या होकाराशिवाय होत नसे, आणि मोबाइलच्या दुकानात तो फोन पाहताच ते गरजले, "हा डबा? घराण्याला शोभेल असा घे, माझ्या टचस्क्रीनसारखा!"

"मग दाखवा ना काका, तुमच्या फोनमध्ये काय काय आहे," ती गोड हसली.

काकांनी फोटो दाखवले, नातवाचे व्हिडिओ दाखवले, भजनं लावली. एकाएकी स्क्रीन काळी झाली.

"चार्जर दे रे!" काका दुकानदारावर खेकसले.

निशिगंधाने चार्जरवर हात ठेवला. "समजा, तुम्ही सड्यावर आहात. आता मागा चार्जर. म्हशीकडे मागा!"

दुकानदार फिस्सकन हसला. काकाही हसू दाबत म्हणाले, "दे बाबा, हिच्या आईला तो डबाच दे."