करडीचा आवाज

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या टेकडीच्या पायथ्याशी ती घडली ती टेकडी वारा-पाऊस खाऊन आता शेतासारखी सपाट झाली असेल. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी ऐकताना डुलक्या घेऊ नयेत, कारण या गोष्टीत चुकलेले सगळे मोठेच आहेत.

त्या टेकडीखालच्या गावात गोंदा नावाचा कुंभार राहायचा. त्याची मडकी गुळगुळीत, हात मात्र जड. टेकडीमागच्या खाणीतून माती वाहायला त्याच्याकडे एक गाढवी होती, तिचं नाव करडी. गोंदा तिच्या पाठीवर झेपेल त्याहून जास्त माती लादायचा, आणि ती अडली की काठीने झोडपायचा. करडी ओरडायची. सगळ्या गावाला ऐकू जायचं. "मुकं जनावर बिचारं," असं म्हणून लोक पुढचा घास घ्यायचे. रोज कानठळ्या बसवणाऱ्या जनावराला मुकं कसं म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच गावात विणकराची लेक होती, सगुणा. तिला मात्र तो घास गिळवेना. ती गोंदाकडे गेली.

"गोंदाकाका, ओझं कमी करा. तिची पाठ सोलली आहे."

"गाढव माझं, पाठ तिची," गोंदा हसून म्हणाला. "तुझं काय जातंय गं?"

ती पंचांकडे गेली. पंच म्हणाले, बघू. पंचांचं बघणं तुम्हाला ठाऊक असेलच. मग सगुणाने ठरवलं, करडीचं ओरडणं खाणीच्या वाटेवर विरून जातं, ते आपणच गोंदाच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं.

ती रोज करडीजवळ जाऊन बसू लागली. तिच्या गळ्याला कान लावायची, श्वास कुठे अडतो, स्वर कुठे फुटतो ते टिपायची आणि तसा आवाज काढून बघायची. पुष्कळ दिवस जमलं नाही. एके दिवशी अचानक जमलं. अगदी हुबेहूब, तिचं तिलाच दचकायला झालं.

त्याच क्षणी करडीनेही तोंड उघडलं होतं. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. तिने मान ताणली, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नुसता वारा. मग ती सगुणाकडे टक लावून बघत राहिली.

"माझ्याजवळ आली की किती शांत होते," सगुणाला वाटलं. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, गोंदाच्या दारात करडी ओरडली. गोंदा भाकरी टाकून बाहेर आला. दारात गाढवी नव्हती, सगुणा उभी होती. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा तोच मार खाल्लेला आवाज आला. असं सात दिवस चाललं. आठव्या दिवशी गोंदाने आपली काठी भट्टीत घातली. हे मी लपवणार नाही. सगुणाने केलं ते कोणालाच जमलं नव्हतं.

मग काय, सगुणाला वीस जण येऊन मिळाले. कोणी बैलाचा आवाज घेतला, कोणी म्हशीचा, कोणी शेळीचा. दुपार झाली की ही मंडळी ज्याच्या गोठ्यात हाल असतील त्याच्या दारात उभी राहायची. भर उन्हात माणसांच्या तोंडून हंबरडे फुटायचे. पोरं आईच्या पदरात शिरायची.

गावात दोन तट पडले. पारावर रोज वाद.

"दुसऱ्याच्या दारात असं वरडायचं? ही काय रीत झाली?" एक जण म्हणायचा.

"रीतीनं सांगितलं तवा कुणी ऐकलं का?" दुसरा म्हणायचा.

दारात ओरडावं की चौकात, घरात आजारी माणूस असेल तर ओरडावं की नाही, यावर तासन्‌तास घसे कोरडे झाले. दोन्हीकडची माणसं हुशार होती. एकही उठून गोठ्यात डोकावला नाही.

एक दिवस एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन गावातून चालला होता. तो पाराशी थांबला आणि कान देऊन बराच वेळ उभा राहिला.

"तुमच्या गावात जनावरं न्हाईत का रं?" त्याने विचारलं.

"म्हंजे? गोठं भरल्यात की."

"मंग एकबी वरडत न्हाई ते?"

"आज्या, बहिरा झालास का? रोज दुपारी गाव डोक्यावर घेत्यात."

"ती मानसं," धनगर म्हणाला. "मी जनावरांचं इचारतुया."

लोक हसले. तो हसला नाही. त्याने गोठ्यांकडे बोट केलं. दावणीला बांधलेले बैल, म्हशी, शेळ्या, सगळ्यांची तोंडं हलत होती. आवाज कुठेच नव्हता. धनगराने तिथे मेंढरांना पाणीसुद्धा पाजलं नाही, त्यांना हाकत तो लगबगीने गावाबाहेर पडला. "म्हाताऱ्याला भ्रम झालाय," असं दोन्ही तटांचं एकमत झालं. तेवढंच एक एकमत.

इकडे गोंदाला वेगळाच शोध लागला होता. करडी आता हूं की चूं करत नव्हती. म्हणजे तिला झेपतंय, असं त्याने धरलं. त्याने एक गोण वाढवली, मग आणखी एक. जास्त माती हवी म्हणून तो खाणीची कड खालून पोखरू लागला. सगुणाला गोणींचं कळलं तेव्हा तिचा संताप संताप झाला. वीसही जणांनी करडीचाच आवाज शिकून घ्यायचा आणि एकदम गोंदाच्या दारात जायचं, असं ठरलं.

त्या दुपारी गोंदा करडीला खाणीत कडेखाली बांधून जेवायला घरी आला होता. दारात वीस तोंडं एकदम ओरडू लागली. गोंदा कानांवर हात ठेवून उंबऱ्यात उभा राहिला.

सगुणा सगळ्यांच्या पुढे होती. ओरडता ओरडता तिचा आवाज मध्येच तुटला आणि तिच्या गळ्यातून दुसराच निघाला. आखूड, घुसमटलेला. तो तिने काढला नव्हता. तिच्या जिभेवर ओली माती आली.

"वा! इतकं हुबेहूब कधीच झालं नव्हतं!" मागून कोणी तरी ओरडलं.

गोंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्यो तुझा आवाज न्हाई, पोरी," तो म्हणाला. "ही करडी हाय. कायतरी अंगावर आलं की ती असंच वरडती. सोडा! वाट सोडा!"

"आता पळतोस होय?" लोकांनी त्याला घेरलं. तो जितका धडपडला तितकं कडं आवळत गेलं, आणि ते आणखी जोरात ओरडू लागले.

सगुणाला सगळं कळलं होतं. तिला "थांबा" म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की तोच आवाज येई, आणि मागचे तिला साथ देत. शेवटी तिने आपल्याच माणसांना दोन्ही हातांनी ढकलून वाट केली. गोंदा धावत सुटला. त्याच्या मागून ती धावली. टेकडीच्या अर्ध्या वाटेवर तिच्या गळ्यातला आवाज थांबला.

खाणीची कड ढासळली होती. दोघांनी हातांनी माती उपसली. आत करडी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यात माती भरली होती.

त्या दिवसापासून वीस जणांनी तोंडं मिटली. हळूहळू गावातल्या गोठ्यांतून हंबरणं ऐकू येऊ लागलं. ज्याचा आवाज त्याला मिळाला. फक्त करडीचा आवाज परत घ्यायला करडीच उरली नव्हती.

तो सगुणाच्या गळ्यातच राहिला. ती बोलू शकत नसे. दुपार झाली की तो आपोआप फुटायचा, आखूड आणि घुसमटलेला, आणि तिच्या तोंडात माती यायची. घरचे कंटाळले, शेजारी दुसरीकडे राहायला गेले. एक माणूस मात्र रोज यायचा. गोंदा आता आपल्या पाठीवरून माती वाहायचा. दुपारी तो ओझं उतरवून सगुणाच्या पायरीवर बसायचा आणि आवाज संपेपर्यंत हलायचा नाही.

"ऐकतोय गं," तो म्हणायचा. "ऐकतोय."

तो सगुणाशी बोलतोय की करडीशी, हे कोणी त्याला विचारलं नाही.

बोध: मुक्याची बाजू जरूर घ्यावी, त्याचा आवाज मात्र घेऊ नये.