बरणीला पट्टा, झिपरीला मांडी

एक होती खार. एवढीशी, चिंचेएवढी. नाव तिचं झिपरी.

मामाच्या गाडीत झिपरीची छोटी सीट होती. सीटला पट्टा होता. आज सीटवर कोण बसलं होतं? लोणच्याची बरणी. पट्टा लावून, ऐटीत.

मामा म्हणाला, "बरणी सांडेल. झिपरी बसेल आईच्या मांडीवर." मोठा शहाणा मामा!

गाडी निघाली. भुर्रर्र. कोंबडी आडवी आली. मामाने ब्रेक दाबला. कच्च! झिपरी मांडीवरून उडाली. धप्प! नाक आपटलं. बरणी? बरणी जागची हललीसुद्धा नाही.

मामाने गाडी बाजूला घेतली. बंद केली. झिपरी रडली नाही. तिला राग आला होता.

टुणुक टुणुक, झिपरी गेली बरणीकडे.
"बरणीबाई, बरणीबाई, ऊठ. माझी सीट आहे."
"हुं! माझी जागा खाली, पायाशी. तिथे पिशवी बसलीय. पिशवी सरकली तर उठेन."

टुणुक टुणुक, झिपरी गेली पिशवीकडे.
"पिशवीबाई, पिशवीबाई,
बरणी उठेना,
मी बसू कुठे?"
"हुं! माझी जागा डिकीत. तिथे छत्री पसरलीय. छत्री हलली तर सरकेन."

टुणुक टुणुक, झिपरी गेली छत्रीकडे.
"छत्रीबाई, छत्रीबाई,
पिशवी सरकेना,
बरणी उठेना,
मी बसू कुठे?"
"हुं! मी का आपली आपण हलू? मामा उतरून उचलेल तर हलेन."
काय तो तोरा! काडी मोडलेली, तरी तोरा.

टुणुक टुणुक, झिपरी गेली मामाकडे.
"मामा, मामा,
छत्री हलेना,
पिशवी सरकेना,
बरणी उठेना,
मी बसू कुठे?"
"हुं! आम्ही लहानपणी दहा जण एका मांडीवर बसायचो. गाडी अडली तरच उतरेन."
दहा जण! केवढी ती मांडी!

टुणुक टुणुक, झिपरी गेली किल्लीकडे.
"किल्लीताई, किल्लीताई,
मामा उतरेना,
छत्री हलेना,
पिशवी सरकेना,
बरणी उठेना,
मी बसू कुठे?"

किल्लीने सगळं ऐकलं. म्हणाली, "बरणीला पट्टा आणि पोरीला मांडी? वा रे अक्कल. मी फिरतच नाही. बघू गाडी कशी जाते."

मामाने किल्ली फिरवली. खट. फिरेना. पुन्हा फिरवली. खट खट. फिरेना.

गाडी अडली,
मामा उतरला,
छत्री हलली,
पिशवी सरकली,
बरणी उठली,
आणि झिपरी बसली.

आईने पट्टा लावला. टिक्!

मग किल्ली फिरली. गाडी निघाली. भुर्रर्र. आता म्हैस आडवी आली. कच्च! झिपरी जागच्या जागी. बरणी मात्र कलंडली. भळाभळा तेल, घरंगळल्या फोडी.

"अरेरे, लोणचं गेलं," मामा म्हणाला.

आईने झिपरीचं नाक कुरवाळलं. म्हणाली, "लोणचं काय दादा, पुन्हा घालता येतं."