तात्यांचा पाय उठेना

एक होती मुंगी. काळी काळी, मिरपुडीच्या कणाएवढी. म्हणून तिचं नाव मिरी.

एकदा काय झालं, मिरीला सापडला गुळाचा खडा. एकटीला! पहिल्यांदाच! कुणी दाखवला नाही, कुणी सांगितलं नाही. अशी खूश झाली म्हणून सांगू! खडा ढकलत ढकलत घरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

आणि तेवढ्यात... धप्प!

वरून आली एक चप्पल. ही मोठ्ठी! मिरी वाचली हो, पण गूळ गेला चपलेखाली.

चप्पल कुणाची? गेनूतात्यांची. तात्या खूप म्हातारे. निघाले होते पारावर, गप्पा मारायला. अंगणाच्या मधोमध आले आणि पायच थांबला. काठी टेकून राहिले उभे.

मिरी म्हणाली, "तात्या, तात्या, पाय उचला ना. माझा गूळ अडकलाय!"

तात्या म्हणाले, "उचलला असता गं पोरी. पण हा पाय झालाय हट्टी. चल म्हटलं तर चालत नाही. हलगी वाजली, की मात्र आपोआप उठतो. जा, लहूला सांग."

आता आली का पंचाईत! ऊन चढलं तर गूळ पाघळेल. चपलेला चिकटून बसेल. मग मिरीला काय उरणार? डाग!

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

लहूदादा बसला होता ओट्यावर. मांडीवर त्याची हलगी. ताटाएवढी गोल, कातड्याची.

"लहूदादा, लहूदादा, हलगी वाजव ना!
तात्यांचा पाय उठेना,
माझा गूळ सुटेना!"

लहूदादानं हलगीवर बोट मारलं. भद्द! कसला आवाज हा! पोत्यावर थाप मारल्यासारखा.

"ऐकलंस? थंडीनं ढिली पडली बघ. हलगी शेकावी लागते, राणी. शेकली की ताणते, ताणली की बोलते. जा, भामाकाकूला चूल पेटवायला सांग."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

भामाकाकू चुलीपुढे बसली होती. फू फू फू! नुसता धूर. डोळ्यांत पाणी.

"काकू, काकू, चूल पेटव ना!
हलगी काही वाजेना,
तात्यांचा पाय उठेना,
माझा गूळ सुटेना!"

"अगं बाई, मला काय हौस आहे धूर खायची? लाकडं सगळी ओली. वाळक्या काटक्या आण, लगेच पेटवते. जा त्या चिंचेकडे."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

चिंच उभी होती अगदी रस्त्याच्या कडेला. उंच! मिरीनं मान वर केली, वर केली, आणि उलटी पडली. उठली. अंग झटकलं.

"चिंचताई, चिंचताई, काटकी टाक ना!
चूल काही पेटेना,
हलगी काही वाजेना,
तात्यांचा पाय उठेना,
माझा गूळ सुटेना!"

चिंच म्हणाली, "वाळक्या काटक्या रग्गड आहेत गं माझ्याकडे. पण मला कुठे हात आहेत? फांदी हलली तर पडतील. वर वानर बसलाय, त्याला म्हणावं, जरा नाच."

मिरी खोडावर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. दमली. बसली. पुन्हा चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वर बसला होता वानर. काळं तोंड, लांब शेपूट, आणि चेहरा असा, की जगात काहीच धड नाही.

"वानरभाऊ, वानरभाऊ, फांदीवर नाच ना!
काटकी काही पडेना,
चूल काही पेटेना,
हलगी काही वाजेना,
तात्यांचा पाय उठेना,
माझा गूळ सुटेना!"

वानर म्हणाला, "हूं! नाच म्हणे. असाच कसा नाचू? कुणीतरी ताल धरा, मग नाचतो."

"ताल?"

"ताल. लहूच्या हलगीसारखा."

घ्या! हलगी वाजावी म्हणून मिरी इथवर आली. आणि हा म्हणतो, आधी हलगी! आता कुणाकडे जायचं? सांगा बरं. कुणीच उरलं नाही.

मिरीला रडू आलं. मग राग आला. असा राग आला, असा राग आला! वानराच्या कानाजवळ एक वाळकी चिंच लोंबत होती. तिच्या टरफलावर उभी राहून मिरीनं पाय आपटले. सगळे पाय, एकामागून एक.

"वानर काही नाचेना!" टिक टिक!
"काटकी काही पडेना!" टिक टिक!
"चूल काही पेटेना!" टिक टिक!
"हलगी काही वाजेना!" टिक टिक!
"तात्यांचा पाय उठेना!" टिक टिक!
"माझा गूळ सुटेना!" टिक टिक टिक!

आणि गंमत बघा. वानराच्या शेपटाचं टोक हललं.

टिक टिक. शेपूट इकडे.
टिक टिक. शेपूट तिकडे.

"अरेच्चा!" वानर म्हणाला. "मी नाही हलवलं!" मग मान हलली. मग खांदे हलले. मग उठलाच पठ्ठ्या! हुप! हुप! हुप! हुप!

वानर लागला नाचायला.
फांदी लागली हलायला. काटक्या पडल्या, कडाड कड!
भामाकाकूनं त्या गोळा केल्या, चूल पेटवली, भुर्रर्र!
लहूदादानं हलगी शेकली. इकडून शेकली, तिकडून शेकली, आणि काठी मारली.

कडांग!

अहाहा! काय तो आवाज! ही तीच हलगी का हो, मघाची भद्द करणारी?

कडांग टाक टाक, कडांग टाक!
कडांग टाक टाक, कडांग टाक!

भामाकाकूची फुंकणी तालात हलायला लागली. रस्त्यावरून एक बाई घागर घेऊन चालली होती, तिची पावलं तालात पडायला लागली. तिच्या कडेवरचं बाळ उड्या मारायला लागलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं हं!

आणि तात्या?

तात्यांनी आधी मान डोलावली. मग काठी आपटली. टाक! मग अंगठा हलला. मग टाच हलली. मग...

उठला! तात्यांचा पाय उठला!

"आला बघ, आला!" तात्या ओरडले. "हट्टी कुठला! आता कसा आला?"

एक पाय, दुसरा पाय. कडांग टाक टाक, कडांग टाक! लहूदादा पुढे, तात्या मागे. तात्यांनी काठी खांद्यावर टाकली आणि चालले की पारावर, एखाद्या नवरदेवासारखे ऐटीत! पारावरचे सगळे म्हातारे उभे राहिले. "अरे, गेनू आला! चालत आला!"

मिरी धावत आली. तुरु तुरु, तुरु तुरु. गूळ होता का?

होता! चपलेच्या खोलगट भागाखाली जसाच्या तसा. थोडासा पाघळला होता, पण तो जास्तच गोड लागतो.

मिरीनं खडा उचलला. मघाशी ढकलावा लागत होता ना? आता चक्क डोक्यावर घेतला. हलगी वाजत होती, पाय आपोआप पडत होते, आणि ओझं काही ओझं वाटेना. मिरी चालली घरी.

कडांग टाक टाक, कडांग टाक!
कडांग टाक टाक, कडांग टाक!

गूळ खाल्ला मिरीनं, पार गाठला तात्यांनी, गोष्ट संपली इथे.

पण काय रे सोन्या, पांघरुणाखाली तुझा पाय का हलतोय?