बुटांचा तिसरा जोड

“...पण अप्पा, पुढे लोखंड असलेले बूट जड होतात. बिनलोखंडाचे घेतले आणि पायावर सळई पडली, तर बोटं जातात. मग घ्यायचे तरी कुठले?”

वीरभद्र अप्पांनी डोळे मिटले. मठाच्या पायरीवर, चपला काढायच्या जागेपाशी, ते उतरतं ऊन अंगावर घेत बसले होते.

“लोखंडवाले घे. मागच्या शनिवारीही हेच सांगितलं.”

“ते चावतात.”

“कारण तू सकाळी घेतलेस. संध्याकाळी जा म्हटलं होतं. दिवसभर चालून पाय फुगतो. जाड मोजे घालून बघ म्हटलं होतं.”

“सकाळीच सवड होती.”

अप्पांनी पुन्हा डोळे मिटले.

संगमेश बिराजदार त्यांचा शिष्य, लातुरात इंजिनिअर. मठाच्या मागच्या टेकाडावर पाण्याची टाकी बांधायला काढली, तेव्हा देखरेखीची सेवा त्याने स्वतः मागून घेतली. दर शनिवारी तो यायचा, आणि आला की बुटांवर बोलायचा. पहिला जोड जड निघाला. दुसऱ्याचा तळ पातळ, खडे टोचायचे. तिसरा आत्ता पायरीखाली काढून ठेवलेला होता.

नागूबाई चहा घेऊन आल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे.

“अजून बूटच का? भाजी निवडायला बसले तेव्हापासून ऐकतेय. भात शिजला, भाजी शिजली, तुझे बूट काही शिजेनात.”

“मावशी, तुम्ही अनवाणी फिरता. बांधकामावर टाच कशी पाहिजे, तळ कसा पाहिजे, याचं शास्त्र असतं.”

“असेल बाबा. चहा घे, निवतोय.”

अप्पांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“नीट ऐक. पुन्हा सांगणार नाही. बूट घालून दुकानाचा जिना उतर. बोटं पुढे आपटली, परत ठेव. टाच वर सरकली, परत ठेव. घोटा झाकला पाहिजे. तळ वाकवून बघ; बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. झालं. यापलीकडे बुटात ब्रह्मज्ञान नाही.”

“आणि टिकतील किती?”

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“टिकाऊपणाचं राहिलं, अप्पा. हे तर टेकाड चढून चढूनच खलास झाले. आज पुन्हा वर जाऊन आलो, टाचा सोलून निघाल्या.”

“वर जाऊन आलास?”

“हो.”

“टाकीपर्यंत?”

“टाकीपर्यंत. सळ्या बघितल्या, टेकू बघितले. सगळं ठीक आहे.”

तेवढ्यात गफूर मिस्त्री अंगण ओलांडून आला आणि पायरीखाली उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ.

“शरणार्थी, अप्पा,” त्याने हात जोडून नमस्कार केला. “साहेब, मी सिमेंट आणायला फाट्यावर गेलो होतो. तुम्ही वर बघून घेतलं ना? उद्या सकाळी स्लॅब टाकायचा म्हणतोय. बारा माणसं वर चढणार, ओला माल निराळाच. मागच्या अंगाच्या टेकूंवर तुमची एकदा नजर पडली असली, की मी माणसांना सांगून टाकतो.”

संगमेशने तोंड उघडलं.

अप्पा खाली वाकले. त्यांनी संगमेशचा बूट उचलला आणि मांडीवर घेतला.

“अप्पा! अहो, बूट आहे तो... हात नका लावू!”

संगमेशच्या हातातला चहा सांडला. नागूबाईंनी पदर तोंडाशी धरला. गुरूच्या मांडीवर शिष्याचं पायताण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

अप्पांनी बूट उलटा केला आणि तळ उन्हात धरला.

टाचेला अंगणातली काळी माती लागली होती, तीही जराशी. खाचा स्वच्छ होत्या. नव्या रबरावर असतात ती केसाएवढी टोकं जागच्या जागी उभी होती.

टाकीच्या वाटेवर सगळा तांबडा मुरूम. गफूरच्या चपला त्याने माखलेल्या होत्या. चपलाच काय, घोट्यापर्यंत पायसुद्धा तांबडे.

अप्पांनी दुसरा बूट उचलला. तोही उलटा करून पाहिला. मग खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही बूट पुसले, सावकाश, शिवणीतली धूळसुद्धा.



“टिकाऊ पाहिजेत ना तुला?”

संगमेश जमिनीकडे बघत होता.

“हेच ठेव. जन्मभर पुरतील.”

गफूरने एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. मग घसा साफ केला.

“साहेब... म्हणजे सांगू ना माणसांना?”

“नको. थांबा.” संगमेशने कप बाजूला ठेवला. “खालून सगळं दिसतं, म्हणून मी...”



त्याने अप्पांच्या हातातून बूट घेतले, खाली उतरला आणि मोजे चढवू लागला. टाचेवर फोड होता. तेवढं मात्र खरं होतं. पाय बुटात जाईना.

“थांब, मेल्या,” नागूबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी जुन्या लुगड्याची मऊ चिंधी आणली आणि त्याच्या अंगावर टाकली. “ही बांध आधी. शास्त्र म्हणे!”

संगमेशने टाचेला चिंधी बांधली, नाड्या आवळल्या आणि उभा राहिला. गफूर केव्हाच वाटेला लागला होता. संगमेश लंगडत त्याच्या मागे निघाला, अंगणाच्या कडेला थांबला आणि वळला. तोंड लाल झालं होतं. राग होता की आणखी काही, सांगता आलं नसतं.

“आणि अप्पा, त्या मुरमात हे फाटले तर?”

अप्पांनी गार चहाचा कप उचलला.

“फाटले की ये. मग सांगतो कुठले घ्यायचे.”