कुमारी चिमणा आणि बुवांचा अंगठा

एकदा एक गृहस्थ एका वृद्ध गवयाकडे गाणं शिकायला गेला. काही महिन्यांनी दोघांच्याही लक्षात आलं, की गाणं या गृहस्थाच्या गळ्यात उतरायला राजी नाही. अशा वेळी सामान्य गुरू शिष्याला घरी पाठवतो आणि व्यवहारी गुरू त्याला पुढच्या वर्गात घालतो. बुवा दोन्हींतले नव्हते. ते म्हणाले, "गाणारे पुष्कळ झालेत. तू आपला ऐकायला शीक."

शिष्याला हे फार मानवलं. ऐकायला आवाज लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही, आणि चुकीचं ऐकलं तर शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

ऐकता ऐकता त्याला जुन्या तबकड्यांचा नाद लागला. चावीच्या ग्रामोफोनवर वाजणाऱ्या, हातातून निसटल्या की मडक्यासारख्या फुटणाऱ्या त्या काळ्या तबकड्या. आधी त्याला चांगलं गाणं हवं असे. मग जुनं हवंसं झालं. पुढे पुढे तर कुणीच न ऐकलेलं हवंसं झालं. चारचौघांना ठाऊक असलेल्या गायिकेवरून त्याचं मन उडे. दर रविवारी तो जुन्या बाजारात गंजलेले स्टोव्ह आणि बिनदांड्याच्या छत्र्या उपसत बसे. बायको म्हणे, "लोकांचे नवरे बाजारातून भाजी आणतात." तो म्हणे, "भाजी काय, कुठेही मिळते."

गावात अशा छंदिष्टांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा मंडळाचा मेळावा भरे. ज्याला त्या वर्षी सर्वांत दुर्मीळ तबकडी सापडली असेल, तो त्या दिवशी व्यासपीठावर बसे आणि बोले. इतर सभासद खुर्च्यांवर बसत. त्या खुर्च्या मांडायचं काम आमच्या शिष्याकडे होतं, आणि ते त्याच्याकडून कधी काढून घेतलं जाईल असं मंडळात कुणालाही वाटत नव्हतं.

आणि मग त्याला कुमारी चिमणा सापडली.

तबकडीवरचा कागद उंदरांनी खाल्ला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गायिका गाणं संपल्यावर स्वतःचं नाव मोठ्याने सांगत असे, पण नेमकी तीच जागा घासून गुळगुळीत झाली होती. राहिला होता फक्त आवाज. चिमणीसारखा, कोवळा, नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा. शिष्याने तिला चिमणा हे नाव ठेवलं. नाव ठेवलं की माणसाचा जीव गुंततो. त्याने तिच्यावर निबंध लिहिला, 'अकाली कोमेजलेली कळी'. तो लिहिताना तो दोनदा रडला. मंडळाने यंदाचं व्यासपीठ त्याला दिलं. वर्तमानपत्रात चौकट आली, 'विस्मृतीतील बालगायिकेचा शोध'. खुर्च्या मांडायला पहिल्यांदाच दुसरा माणूस नेमला गेला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो पेटीतला ग्रामोफोन एका हातात आणि तबकडी छातीशी धरून बुवांकडे आला. बुवा आरामखुर्चीत अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"बुवा, उद्या तुम्ही आलंच पाहिजे. पहिल्या रांगेत. तुम्ही नुसतं 'खरं आहे' म्हणालात ना, तर मंडळातल्या एकाचीही तोंड उघडायची छाती होणार नाही."

"काय खरं आहे?"

शिष्याने निबंध वाचून दाखवला. बुवा ऐकत होते. अडकित्ता मधूनमधून वाजत होता.

"ती वारली हे कशावरून?" बुवांनी विचारलं.

"दुसरी एकही तबकडी नाही, बुवा. एवढी गुणी पोर, जगली असती तर गायली नसती का?"

"हं. आणि हा धाकटा भाऊ कुठून आला?"

"तबकडीत आहे ना! गाणं ऐन रंगात आलं की शेजारून बारीक आवाजात कुणीतरी 'वा!' म्हणतं. इतकं निरागस! तिचा भाऊच असणार. सोबतीला बसवला असेल बिचाऱ्याला."

"आणि आई?"

"आई दाराबाहेर असेल. ती रडत असेल तर ते तबकडीच्या खरखरीत ऐकू येत नाही."

"बरोबर. खरखरीत पुष्कळ लोक रडत असतात," बुवा म्हणाले. "लाव."

शिष्याने चावी शेवटपर्यंत भरली. ग्रामोफोनच्या वेगाचा खटका मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर आहे ना, हे चष्मा पुसून पाहिलं. या बाबतीत तो फार काटेकोर होता. नवी सुई बसवली, ती हलकेच टेकवली आणि हात जोडून बाजूला बसला.

खरखर झाली, आणि तिच्यातून आवाज आला. लगबगीचा, किनरा, धापा टाकत पळणारा. *जाणार तर जा राया, दार तेवढं लावून जा.*

"ऐकलंत?" शिष्य कुजबुजला. "एवढ्याशा मुलीकडून असली गाणी गाऊन घेत! कसला निर्दय काळ! आणि दार लावून जा म्हणते... थंडीने कुडकुडत असेल हो!"

बुवांनी सुपारी खाली ठेवली. ते पुढे वाकले, आणि त्यांनी आपला अंगठा फिरत्या तबकडीच्या कडेवर टेकवला.

"बुवा!" शिष्य किंचाळलाच. जगात एकच असलेली तबकडी, जिला तो स्वतः हातमोजे घालून उचलत असे, आणि तिच्यावर हा सुपारीचा अंगठा! वार्धक्याने बुवांचं भान सुटलं की काय, ही शंका त्याच्या मनात येऊन गेली. त्याने हात पुढे केला. पण बुवांचा हात धरायचा कसा, म्हणून तो तसाच अधांतरी ठेवला.

अंगठा दाबत नव्हता. नुसता कडेला लागून होता, पळणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा तसा. तबकडी मंदावली. आवाज खाली आला. आणखी खाली आला, आणि एका जागी येऊन स्थिरावला.

पोर नाहीशी झाली होती. तिच्या जागी चाळिशीची, भरल्या अंगाची, कुणाला न घाबरणारी एक बाई बसून गात होती. शब्द तेच होते, पण आता ते गडबडीने निसटत नव्हते. *जाणार तर जा राया,* आणि इथे ती क्षणभर थांबली. त्या थांबण्यात त्या रायाचा सगळा तोरा उतरला. *दार तेवढं लावून जा.*

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. बुवांची सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "ही कोण हो? अगदी आमच्या मोठ्या आत्याबाई! मोठे मामंजी रुसून निघाले की हेच म्हणायच्या त्या."

तेवढ्यात तबकडीतून धाकट्या भावाने दाद दिली. "वा!" चांगला जाडजूड, तोंडात विडा असलेला, मिशाळ आवाज होता.

"भाऊ बराच वाढला," बुवा म्हणाले. "तबल्यावर तोच बसलाय. एवढंसं पोर असा तबला वाजवील?"

शिष्य हसला नाही. गाणं संपलं, सुई घासल्या जागेवर नुसती फिरत राहिली, तरी तो हलला नाही. त्याची पोर गेली होती. निबंधात ती प्लेगने गेली होती, तेव्हा त्याला रडू आलं होतं. आता ती अंगठ्याने गेली आणि रडताही येईना. शिवाय उद्या वर्तमानपत्र वाचून लोक येणार होते.

"तुम्ही मशीन मंद केलंत," तो शेवटी म्हणाला. "मंद केलं तर कुणीही जाड बोलेल. खटका अठ्ठ्याहत्तरावरच होता."

"होता ना. पण तो आकडा नंतरचा आहे रे. तिने गाणं भरलं तेव्हा सगळ्यांनी एकाच वेगाने फिरायचं असं ठरलंच नव्हतं. जो तो आपल्या यंत्राप्रमाणे फिरे. तू आजचा खटका लावलास आणि ती धावायला लागली. चांगली चार मुलांची आई असेल कदाचित, तिला तू परकर-पोलक्यात पळवलीस."

"मग तिचा खरा वेग कोणता?"

"मला काय ठाऊक? मी काय तिथे तंबोऱ्यावर बसलो होतो?" बुवांनी चहाचा घोट घेतला. "मी फक्त तिचा श्वास ऐकत होतो. तुझ्या चिमणीला ओळीओळीला धाप लागत होती. गाणाऱ्या माणसाला अशी धाप लागत नाही. जिथे ती माणसासारखा श्वास घ्यायला लागली, तिथे मी अंगठा थांबवला."

शिष्याने फिरत राहिलेली सुई उचलून ठेवली. त्याने ते गाणं इतक्या वेळा ऐकलं होतं, आणि ती श्वासही घेते हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हे बघ," बुवा म्हणाले, "मागच्या काळातलं कुणीही माणूस घे. त्याला आपण आपल्या वेगाने फिरवतो. जोरात फिरवलं की ते पोर वाटतं, मग आपण त्याची कीव करतो. हळू फिरवलं की ते फार भारदस्त वाटतं, मग आपण त्याच्या पाया पडतो. कीव करायला आणि पाया पडायला बरं वाटतं, नाही असं नाही. ऐकणं तेवढं राहून जातं. तुला कुणी न ऐकलेली बाई हवी होती ना? ही घे. कालपर्यंत तूही हिला ऐकलेलं नव्हतंस."

शिष्याने ग्रामोफोन मिटला. दारापाशी जाऊन तो वळला. "उद्या याल ना? आता 'खरं आहे' म्हणू नका. नुसते या."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात तीनदा 'कळी' म्हटलं. शिष्य व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा त्याचा निबंध त्याच्या खिशात होता आणि तिथेच राहिला. "आधी ऐकू या," एवढंच तो म्हणाला. वेगाचा खटका त्याने आधीच मागे ओढून ठेवला होता. सबंध सकाळ तो त्या बाईचा श्वास शोधत बसला होता.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपायच्या आत अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, चावी! चावी द्या, मशीन मंदावलंय!"

"मंदावलेलं नाही," शिष्य म्हणाला. "बाई सावकाश गाताहेत."

"बाई? बालगायिका होती ना?"

"ती चूक माझी होती."

"मग ह्या कोण? नाव?"

"माहीत नाही."

"घराणं? काळ? काहीतरी असेल की!"

"दार लावून जा म्हणताहेत," शिष्य म्हणाला. "बसा ना. त्यांना घाई नाही."

सभागृहात कुजबुज झाली. बालगायिकेसाठी आलेले बरेचसे लोक उठून बाहेर बटाटेवड्यांच्या दिशेने गेले. नामशेष झालेली कळी आणि हयात असल्यासारखी बोलणारी बाई यांत जनतेची पसंती नेहमीच कळीला असते. जाताना त्यांनी खुर्च्या वेड्यावाकड्या केल्या. पुढच्या वर्षी त्या कोण मांडणार, हे शिष्याला व्यासपीठावरूनच कळलं. आश्चर्य म्हणजे त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कारण तोवर गाण्यातली ती थांबण्याची जागा जवळ येत होती.

*जाणार तर जा राया,* बाई म्हणाली आणि थांबली. हे थांबणं शिष्याला आता पाठ होतं. पण थांबण्याच्या आधी ती हलकेच श्वास घेते, आणि तो घेताना बहुधा हसते, हे त्याने आता पहिल्यांदा ऐकलं. *दार तेवढं लावून जा.*

"वा!" तबल्यावरचा मिशाळ माणूस म्हणाला.

आणि त्याच क्षणी, अगदी त्याच मात्रेवर, मागच्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या बुवांच्या तोंडून निघालं, "वा!"